आफ्रिकेच्या आजाराची वही कोणाच्या हाती?

१९९४ साली दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदी राजवट संपुष्टात आली, तेव्हा त्या एका देशात आरोग्याची चौदा खाती नांदत होती. गोऱ्यांचे निराळे, मिश्रवर्णीयांचे निराळे, भारतीय वंशाच्या लोकांचे निराळे, काळ्या लोकांना कोंडून ठेवण्यासाठी आखलेल्या दहा बांटुस्तानांची दहा, आणि ह्या सर्वांच्या जोडीला एक सर्वसाधारण. प्रत्येक खात्याचे तक्ते वेगळे, नोंदीची रीत वेगळी, हिशेब पाठविण्याची ठिकाणे वेगळी. चार बांटुस्ताने तर कागदोपत्री परकी राष्ट्रे ठरविलेली होती. त्यामुळे तेथील माणसांचे मृत्यू राष्ट्राच्या आकडेवारीत धरलेच जात नसत. देशात किती बालके कोणत्या रोगाने दगावतात, हा साधा प्रश्न नव्या सरकारने विचारला, तेव्हा त्याचे धड उत्तर देणारी वही कोठेच सापडेना.

वाचकहो, ही केवळ कारकुनी अनागोंदी होती असे समजू नका. माणसांची गणती कोणी करावयाची, कोणाला गणतीत धरावयाचे आणि कोणाला वगळावयाचे, हा सत्तेचाच एक भाग असतो. तो भाग ज्यांच्या हाती नव्हता त्यांच्या हाती तो कसा येऊ लागला आहे, आणि तो पुन्हा निसटण्याचा धोका कोठे आहे, ह्याविषयी आज आम्हांस तुमच्याशी बोलावयाचे आहे. विषय दूरच्या खंडातील आहे व त्याचे नावही अपरिचित वाटेल : डिजिटल आरोग्य ह्या शास्त्रात पीएच.डी. व त्यापुढील संशोधन करणाऱ्या आफ्रिकी अभ्यासकांना मिळणाऱ्या अधिछात्रवृत्त्या. परंतु ज्या घरांतून पहिली किंवा दुसरी पिढी महाविद्यालयाची पायरी चढली आहे, त्या घरांना ह्यातील मर्म उमगावयास वेळ लागणार नाही.

प्रथम त्या चौदा खात्यांचे पुढे काय झाले ते सांगतो. केपटाऊनच्या वस्त्यांतील दवाखान्यांशी संबंध असलेले कार्यकर्ते, तेथील विद्यापीठांतील अध्यापक आणि नॉर्वेतील ऑस्लो विद्यापीठाचे काही संशोधक एकत्र आले. त्यांनी आधी यंत्र आणले नाही. दवाखान्यातील परिचारिकेला स्वतःच्या कामासाठी कोणता आकडा उपयोगी पडतो, हे त्यांनी प्रथम तिलाच विचारले. नॉर्वेत १९७० च्या सुमारास लोहकामगारांच्या संघटनेने असा आग्रह धरला होता की, कारखान्यात संगणक येणार असेल तर त्याच्या आखणीत कामगारांचाही शब्द असला पाहिजे. त्या लढ्यातून निघालेली ही पद्धत होती. दवाखाने, जिल्हा व राष्ट्र ह्यांची नोंद एका साच्यात आणणारी जी संगणकप्रणाली त्यातून तयार झाली, ती पुढे दक्षिण आफ्रिकेची राष्ट्रीय प्रणाली झाली. ती विकत घ्यावी लागत नाही. कोणत्याही राष्ट्राने ती घ्यावी, बदलावी व वापरावी. तिची दुसरी आवृत्ती प्रथम वापरली गेली ती आपल्याच देशात, २००६ साली केरळात. आज सत्तरांहून अधिक राष्ट्रांत ती चालू आहे.

पण प्रणाली ही लोखंडी पेटीसारखी नसते, की एकदा आणून ठेवली आणि काम झाले. ती दुरुस्त करणारा, तिच्यातील आकड्यांवर शंका घेणारा, चुकीचा तक्ता रद्द करून नवा आखणारा माणूस त्या मातीतला लागतो. हे ओळखून मोझांबिक, मलावी, टांझानिया, इथिओपिया येथील विद्यापीठांतील तरुण अध्यापकांना ऑस्लोने पीएच.डी.साठी घेतले. त्यांच्या संशोधनाचे क्षेत्र मात्र ऑस्लो नव्हते. ते त्यांच्याच जिल्ह्यांतील दवाखाने होते. परतल्यावर ह्यांतील अनेकांनी आपापल्या विद्यापीठांत ह्या विषयाचे वर्ग चालविले आणि आपल्या सरकारांच्या आरोग्यखात्यांचे काम हाती घेतले. अधिछात्रवृत्तीचे फळ कसे मोजावे, असे कोणी आम्हांस विचारले तर आम्ही ह्याकडे बोट दाखवू.

डिजिटल आरोग्य म्हणजे काय, हे थोडक्यात सांगणे भाग आहे. रोग्याची नोंद कागदाऐवजी संगणकात ठेवणे, गर्भवतीला वा क्षयरोग्याला मोबाईलवर औषधाची आठवण देणे, रक्ताच्या थेंबातील हिवतापाचे जंतू यंत्राकडून ओळखविणे, लाखो नोंदींवरून साथीचा माग काढणे, हे सर्व त्यात येते. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली हिशेब मांडला होता. जगातील एकूण रोगभारापैकी २४ टक्के भार आफ्रिका विभागाच्या माथी, पण जगातील आरोग्यसेवकांपैकी केवळ ३ टक्के त्याच्या वाट्याला, आणि जगाच्या आरोग्यखर्चातील हिस्सा एक टक्क्याहूनही कमी. जेथे डॉक्टर कोसच्या कोस नाही तेथे यंत्राचा मोह पडणे स्वाभाविक आहे. म्हणूनच ते यंत्र कोणाच्या शरीराचे माप घेऊन बनविले, हे विचारणे अगत्याचे ठरते.

एक उदाहरण तुमच्या घरातलेच देतो. कोरोनाच्या साथीत बोटाला लावून रक्तातील प्राणवायू मोजणारे छोटे यंत्र तुम्ही पाहिले असेल. कित्येकांच्या कपाटात ते अजून असेल. कातडीचा रंग गडद असला तर हे यंत्र चुकते, प्रत्यक्षापेक्षा अधिक प्राणवायू दाखविते. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसून आले की, यंत्राने जेथे समाधानकारक आकडा दाखविला होता तेथेही प्रत्यक्ष रक्ततपासणीत धोकादायक कमतरता आढळलेले रोगी गोऱ्यांत ३.६ टक्के होते, तर काळ्यांत ११.७ टक्के. आता ह्याहून खेदाची गोष्ट ऐका. हा दोष १९९० साली एका निबंधात व २००५ साली दुसऱ्या निबंधात नोंदला गेलेला होता. तीस वर्षे ही गोष्ट छापील पानांवर पडून राहिली. ज्यांच्या बोटावर यंत्र चुकत होते ते यंत्राची परीक्षा घेणाऱ्या खोलीत बसलेले नव्हते, एवढेच त्याचे एक मोठे कारण आम्हांस दिसते.

दुसरे उदाहरण २०१९ सालचे. अमेरिकेतील रुग्णालयांत कोणत्या रोग्याला अधिक देखभाल द्यावी हे ठरविण्यासाठी एक संगणकीय सूत्र वापरले जात होते. त्या सूत्रात जातीवंशाचा उल्लेख नव्हता. ते अगदी निःपक्षपाती दिसत होते. पण आजार किती, हे मोजण्याऐवजी ते रोग्यावर आजवर खर्च किती झाला हे मोजत होते. काळ्या रोग्यांवर मुळातच कमी खर्च होत आलेला. म्हणून यंत्राने निष्कर्ष काढला की ते कमी आजारी आहेत! संशोधकांनी दाखवून दिले की हा दोष दूर केल्यास जादा देखभालीस पात्र ठरणाऱ्यांत काळ्या रोग्यांचे प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जाते. ज्याला कधी मिळालेच नाही त्याला गरजच नव्हती, असा हा न्याय. तो आता यंत्राच्या तोंडून बोलू लागला आहे.

ही यंत्रे आणि ही सूत्रे आफ्रिकेत येणार, येतही आहेत. त्यांची परीक्षा घेणारे विद्वान कंपाला, इबादान, लिलाँग्वे, नैरोबी येथे असावयास हवेत की नकोत? ह्या एका प्रश्नात अधिछात्रवृत्त्यांचे सारे समर्थन सामावले आहे. परोपकाराची भाषा आम्हांस ह्या ठिकाणी मान्य नाही. आपल्या लोकांच्या दुखण्याचे निदान करण्याइतकी विद्या आपल्यात निर्माण व्हावी, हा प्रत्येक समाजाचा हक्क आहे.

तेथील मातीतून निघालेले प्रश्न किती साधे आणि किती मोलाचे असतात, हे केनियातील एका प्रयोगावरून दिसते. एचआयव्हीची औषधे सुरू केलेल्या ५३८ रोग्यांवर २००७ ते २००९ ह्या काळात हा प्रयोग झाला. त्यांतील निम्म्यांना दर आठवड्यास दवाखान्यातून मोबाईलवर स्वाहिलीत एक शब्द जाई : ‘मंबो?’ म्हणजे काय, कसे आहात? रोग्याने ‘सावा’, म्हणजे ठीक आहे, किंवा ‘शिदा’, म्हणजे अडचण आहे, असे दोन दिवसांत कळवावयाचे. अडचण असली वा उत्तरच आले नाही, तर परिचारिका स्वतः फोन करी. औषधांचा उपदेश नाही, रोगाचे नाव नाही. नवऱ्याने वा शेजाऱ्याने फोन पाहिला तरी काही कळू नये, ही दक्षता त्यात होती. औषधे नियमित घेणाऱ्यांचे प्रमाण संदेश मिळणाऱ्या गटात ६२ टक्के भरले, इतरांत ५० टक्के. ह्या निबंधावरील पहिले नाव कॅनडातील डॉक्टरचे आहे, केनियाचे डॉक्टर सहलेखकांत आहेत. त्यात गैर काहीच नाही, काम उत्तम झाले. परंतु आफ्रिकेच्या रोग्यांवर लिहिल्या जाणाऱ्या निबंधांत पहिले नाव व शेवटचे नाव परक्याचे आणि मधल्या ओळीत गावच्या लोकांची नावे, हा क्रम किती काळ चालावयाचा? तो क्रम पीएच.डी. झालेली माणसेच बदलू शकतात.

वकिलीच्या धंद्यामुळे आमचे लक्ष ह्या शास्त्राच्या आणखी एका अंगाकडे जाते. २०१५ च्या फेब्रुवारीत केनियाच्या राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढला की, शाळेत जाणारी एचआयव्हीबाधित मुले, त्यांचे पालक, बाधित गर्भवती स्त्रिया ह्यांच्या नावानिशी याद्या जिल्ह्याजिल्ह्यांतून गोळा कराव्यात. हेतू उपचाराचा सांगितला गेला. हक्कांसाठी झटणाऱ्या संस्था नैरोबीच्या उच्च न्यायालयात गेल्या. २०१६ च्या डिसेंबरात न्यायालयाने तो आदेश खाजगीपणाच्या व बालकांच्या हिताच्या घटनादत्त हमीविरुद्ध ठरविला, आणि जमविलेल्या माहितीतून कोणाचीही ओळख पटू नये अशी व्यवस्था ४५ दिवसांत करण्यास फर्माविले. वाचकहो, दाखल्यावरील एका शब्दाने, आडनावाने, वस्तीच्या नावाने माणसाची सारी किंमत ठरविली जाते, ह्याचा अनुभव तुम्हांस दुसऱ्याने सांगावयास नको. यादीत नाव चढणे हे कधी उद्धाराचे साधन असते, कधी फासाचे. ह्या दोहोंतील भेद जाणणारा अभ्यासक केवळ संगणक शिकून तयार होत नाही. केनियाने २०१९ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला, नायजेरियाने २०२३ साली. आफ्रिकी राष्ट्रांनी २०१४ साली मालाबो येथे स्वीकारलेला करार २०२३ च्या जूनमध्ये अमलात आला. कायदे आहेत. ते दवाखान्यातील संगणकापर्यंत नेऊन पोहोचविणारी माणसे थोडी आहेत.

आता अधिछात्रवृत्त्यांकडे वळू. ह्यांचे प्रकार अनेक आहेत. सर्वांची जंत्री देण्यात अर्थ नाही. ज्यांची रचना आम्हांस विचार करण्याजोगी वाटते त्यांवरच थांबतो.

आफ्रिकेतील विद्यापीठात पीएच.डी. करू इच्छिणारा मनुष्य बहुधा तेथीलच अध्यापक असतो. त्याच्या वर्गात शेकडो विद्यार्थी, उत्तरपत्रिकांचे ढीग, पगार तुटपुंजा, घरी माणसांचा भार. प्रबंध वर्षानुवर्षे रेंगाळतो. त्याला परदेशी नेले तर तो सुटतो खरा, पण पुष्कळदा कायमचाच सुटतो; विद्यापीठाची जागा रिकामी ती रिकामीच. ह्यावर तोड म्हणून २००८ साली नैरोबीतील आफ्रिकन लोकसंख्या व आरोग्य संशोधन केंद्र आणि जोहान्सबर्गचे विट्‌वॉटर्सरँड विद्यापीठ ह्यांच्या पुढाकाराने मेकेरेरे, मोई, नैरोबी, इबादान, इफेचे ओबाफेमी आवोलोवो, मलावी, रवांडा ह्या विद्यापीठांची एक सहकारी संघटना उभी राहिली. ‘कार्टा’ हे तिचे संक्षिप्त नाव. तिचा नियम असा की उमेदवार सदस्य संस्थेचा नोकर असला पाहिजे आणि संस्थेने त्याला अध्यापनातून सवड दिली पाहिजे. ठराविक काळाने निरनिराळ्या देशांतील उमेदवार काही आठवडे एकत्र येतात, चार वेळा. एकमेकांचे प्रबंध फाडून पाहतात. स्त्रियांसाठी वयाची मर्यादा पुरुषांपेक्षा पाच वर्षांनी सैल ठेवलेली आहे. मुलेबाळे वाढविण्यात गेलेली वर्षे स्त्रीच्या विद्येतून वजा होऊ नयेत, हे त्या नियमामागील शहाणपण. आपल्याकडील वृत्त्यांचे नियम करणाऱ्यांनी ते जरूर पाहावे.

दुसरी गोष्ट केनियातील एल्डोरेट ह्या गावची. तेथील मोई विद्यापीठाच्या डॉक्टरांनी अमेरिकेतील इंडियानाच्या सहकाऱ्यांबरोबर २००१ साली मोसोरियोट नावाच्या खेड्यातील आरोग्यकेंद्रात रोग्यांच्या नोंदी संगणकावर आणल्या. त्या अनुभवावर उभी राहिलेली मुक्त प्रणाली २००४ सालापासून पुढे अनेक गरीब राष्ट्रांत पसरली. खेड्यातील केंद्रातून निघालेली वस्तू जगभर गेली, पण तिची विद्या शिकविणारी पदवी मात्र त्या विद्यापीठात नव्हती! पुढे नॉर्वे सरकारच्या पैशाने बर्गेन, मोई आणि मेकेरेरे ह्या विद्यापीठांनी मिळून आरोग्यमाहितीशास्त्राचे उच्च शिक्षण आफ्रिकेतच देण्याची व्यवस्था केली. आधी काम, मग पदवी, असा हा उलटा प्रवास. तरी पदवीवाचून काम परावलंबी राहते, हे त्या लोकांनी ओळखले.

मोठ्या रकमाही आल्या. २०१५ साली ब्रिटनमधील वेलकम न्यास व ब्रिटिश सरकार ह्यांच्या साहाय्याने ‘डेल्टाज’ ही योजना निघाली. पहिल्या टप्प्यात ११ कार्यक्रम व सुमारे १० कोटी डॉलर. तिच्यातील एक कार्यक्रम केवळ आरोग्याच्या सांख्यिकीचे तज्ज्ञ घडविण्यासाठी होता. २०२१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने आफ्रिकेत आरोग्यविषयक माहितीशास्त्रासाठी पाच वर्षांत ७ कोटी ४५ लाख डॉलर देण्याचे जाहीर केले. त्यात सात संशोधनकेंद्रे, सात प्रशिक्षणकार्यक्रम आणि कायदा व नीती ह्यांच्या अभ्यासाचे चार प्रकल्प होते. डर्बनच्या क्वाझुलु-नाताल विद्यापीठातील कायद्याच्या अभ्यासकांना त्यांतील एक मिळाला, ह्याचा आमच्यासारख्यास विशेष आनंद वाटल्यास वाचकांनी क्षमा करावी.

परंतु येथेच दुखणे आहे. ही सारी देणगी दुसऱ्याच्या तिजोरीतून आलेली. २०२१ साली ब्रिटनने परराष्ट्र साहाय्य राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आणले, आणि गरीब राष्ट्रांतील संशोधकांशी जोडलेल्या चालू योजनांना सुमारे १२ कोटी पौंडांची तूट एका पत्राने कळविण्यात आली. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत थांबविली. तिचे साहाय्यखाते त्याच वर्षी १ जुलैस बंद झाले. मे महिन्यात राष्ट्रीय आरोग्य संस्थेने परदेशी उपसंस्थांना पैसा देण्याची जुनी रीत रोखली. १९८४ पासून गरीब राष्ट्रांतील आरोग्य व लोकसंख्येची पाहणी करणारा कार्यक्रम, ज्याच्या आकड्यांवर शेकडो प्रबंध उभे राहिले, तोही अमेरिकेने सोडून दिला. ज्या उमेदवाराचा प्रबंध तिसऱ्या वर्षात होता त्याने काय करावे? रोगी निवडलेले, संमती घेतलेल्या, अर्ध्या नोंदी झालेल्या, आणि पैसा संपला. तुटलेल्या प्रयोगाला अर्धा निष्कर्ष नसतो.

ह्या जागी बाबासाहेबांची आठवण होणे अपरिहार्य आहे, आणि ती भक्तीसाठी नव्हे तर हिशेबासाठी. १९१३ च्या जूनमध्ये बडोदे संस्थानाशी त्यांनी करार केला : दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, मोबदल्यात दहा वर्षे संस्थानाची नोकरी. पुढे एका वर्षाची मुदतवाढ मिळाली. १९१७ साली ती संपली आणि लंडनमधील प्रबंध अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. अभ्यास पुन्हा सुरू करण्यासाठी विद्यापीठाने चार वर्षांची सवलत दिली म्हणून, आणि स्वतःची बचत, मित्राचे कर्ज व शाहू महाराजांचे साहाय्य ह्यांच्या बळावर ते १९२० साली परत जाऊ शकले. डी.एस्सी. १९२३ साली हाती आली. सहा वर्षे! त्यांच्यासारख्या अलौकिक बुद्धीच्या पुरुषाने ती खिंड लढविली. पण योजना आखणाऱ्याने अलौकिक माणूस गृहीत धरू नये. सर्वसाधारण हुशारीची, कष्टाळू, घरी दोन लेकरे असलेली मलावीची तरुणी त्या खिंडीत अडकली तर ती परत येत नाही.

म्हणून आमचे मत असे की अशा प्रत्येक वृत्तीचा करार वकिलाच्या डोळ्यांनी वाचला पाहिजे. पूर्ण मुदतीचा पैसा आरंभीच त्रयस्थ संस्थेकडे ठेवलेला आहे काय? देणारा मध्येच फिरला तर चालू उमेदवारांचा प्रबंध पुरा करण्याची जबाबदारी कोणावर? गोळा केलेली माहिती कोठे राहील, आणि उमेदवार घरी परतल्यावर त्याला ती उघडता येईल की तिची किल्ली परदेशी मार्गदर्शकाच्या खिशात राहील? आफ्रिकेतील अनुवंशशास्त्राच्या ‘एच-थ्री-आफ्रिका’ ह्या दशवार्षिक योजनेने, जी २०१२ ते २०२२ चालली, एक चांगला पायंडा घातला : माहिती जगाला खुली होणार, परंतु ठराविक मुदतीपर्यंत तिच्यावर निबंध लिहिण्याचा पहिला हक्क ती जमविणाऱ्या आफ्रिकी संशोधकांचा. ज्याच्यापाशी वेगवान संगणक आणि दहा साहाय्यक आहेत त्याने दुसऱ्याने राबून पिकविलेले एका रात्रीत कापून नेऊ नये, एवढीच ती अट. पण ती लेखी होती, म्हणून तिचे मोल. सेवेच्या हमीविषयी आमचा विरोध नाही. समाजाच्या पैशाने शिकलेल्याने काही वर्षे समाजाला द्यावी हे रास्तच आहे. मात्र परतल्यावर काम करावयास जागा, सवड आणि साधने देण्याचे बंधन संस्थेवरही तितकेच असले पाहिजे. एका बाजूनेच बांधणाऱ्या कराराला आमच्या धंद्यात चांगले नाव नाही.

ह्यातील शेवटची गोष्ट आम्ही सर्वांत महत्त्वाची समजतो, आणि तीच सर्वांत दुर्लक्षित आहे. लोक पीएच.डी.च्या वृत्त्यांचा बोलबाला करतात, पीएच.डी.नंतरच्या तीन-चार वर्षांचा विचार कोणी करीत नाही. पदवी घेऊन मनुष्य विद्यापीठात परत येतो. त्याच्यापुढे पुन्हा तेच शेकडो विद्यार्थी, त्याच उत्तरपत्रिका. युरोप-अमेरिकेत पदवीनंतर काही वर्षे केवळ संशोधनासाठी मिळतात. आफ्रिकेतील बहुतेक विद्यापीठांत अशी पदेच नाहीत. ह्याच काळात स्वतंत्र प्रश्न विचारावयाचा, स्वतःच्या नावाने अनुदान मागावयाचे, स्वतःचे विद्यार्थी घडवावयाचे, ही शिकवण मिळते. ती न मिळालेला पीएच.डी. दुसऱ्याच्या प्रकल्पाचा स्थानिक व्यवस्थापक होतो. गाड्या, याद्या, परवानग्या त्याने पाहावयाच्या आणि विचार सातासमुद्रापलीकडे व्हावयाचा. ‘कार्टा’ने पदवीनंतर परतलेल्यांसाठी पुनःप्रवेशाची लहान अनुदाने व पुढील अधिछात्रवृत्त्या ठेवल्या, त्या ह्याचसाठी. पैसा थोडा असेल तर पीएच.डी.च्या दहा जागांऐवजी सहा द्याव्या आणि उरलेल्यात पुढची वर्षे भरावी, असे आम्ही म्हणू. चार उमेदवार नाराज होतील हे आम्ही जाणतो, तरीही म्हणू.

आता दोष केवळ देणाऱ्यांच्या माथी मारून आम्ही मोकळे होणार नाही. २००६ साली खार्टूम येथे आफ्रिकन युनियनच्या राष्ट्रांनी संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाचा एक टक्का खर्च करण्याचे मान्य केले. वीस वर्षे होत आली. संशोधनाचा मोठा पसारा असलेला दक्षिण आफ्रिकाही त्या एक टक्क्याच्या पुष्कळ खाली आहे. त्याआधी २००१ साली अबुजा येथे अंदाजपत्रकाचा १५ टक्के हिस्सा आरोग्याला देण्याचा ठराव झाला होता. त्याचीही गत बहुतेक ठिकाणी तीच. आपल्या विद्वानांना दुसऱ्याने पोसावे आणि मग त्यांच्या संशोधनाचा विषय दुसऱ्याने ठरविल्याबद्दल तक्रार करावी, ह्या दोन्ही गोष्टी एकदम करता येत नाहीत. जो वृत्ती देतो तो विषय सुचवितो. विषय सुचविणारा उत्तरही थोडेफार सुचवितो. ह्याचा अनुभव आपल्या देशातही आहे. २०२२ साली केंद्र सरकारने अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या परदेशी शिष्यवृत्तीतून भारताची संस्कृती, इतिहास व समाजव्यवस्था ह्यांवरील विषयच वगळले. आपल्याच सरकारच्या तिजोरीची ही गोष्ट, मग परक्यांच्या तिजोरीविषयी काय सांगावे?

२०२५ च्या जुलैत मात्र दक्षिण आफ्रिकेत वेगळे काही घडले. अमेरिकेचा पैसा गेल्याने तेथील वैद्यकीय संशोधन परिषदेचे अनेक प्रकल्प व त्यांवरील तरुण संशोधक उघड्यावर पडण्याच्या बेतात होते. तेथील अर्थखात्याने तीन वर्षांसाठी ४० कोटी रँड संशोधनास देण्याचे ठरविले. गेट्स प्रतिष्ठान आणि वेलकम न्यास ह्यांनी प्रत्येकी १० कोटी रँड देऊ केले, ते सरकारने आपली रक्कम घालण्याच्या अटीवर. गेलेल्या मदतीच्या मानाने ही रक्कम थोडी आहे, आणि तिच्यातून किती तरुणांचे अर्धे राहिलेले प्रबंध पुरे होतील हे पुढच्या काही वर्षांतच दिसेल. पण करारातील क्रम बदलला : ह्या खेपेस घरच्या तिजोरीचा आकडा वर आहे आणि पाहुण्यांचे आकडे त्याच्या खाली.